केमो सुरू असताना हातातला बँड कसा वापरावा

"कशा आहात?" असं डॉक्टरांनी विचारलं की परळच्या ओपीडीत आईचं उत्तर ठरलेलं, "बरी आहे." घरी मात्र ती निम्मा दिवस पलंगावर असायची. बाहेर ताटकळलेली गर्दी पाहून तिला डॉक्टरांचा वेळ घ्यावासाच वाटत नसे. पण डॉक्टर त्या उत्तरावरून बरंच काही ठरवतात. रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद ते ० ते ५ अशा ईकॉग श्रेणीत मांडतात; आकडा जितका मोठा, तितकी ताकद कमी. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जात असेल तर श्रेणी ३, आणि मग औषध तेच ठेवायचं का, याचा विचार होतो. दोन केमोंमधले २१ दिवस डॉक्टरांना दिसत नाहीत. ते दाखवायला पावलं मोजणारा साधा बँड पुरतो.

महागडं घड्याळ नको. बॅटरी आठवडाभर टिकावी, आकडे मोठे दिसावेत आणि विश्रांतीच्या वेळचे नाडीचे ठोके कळावेत, एवढंच बघा. रुग्णाला विचारल्याशिवाय मात्र बांधू नका. आपल्यावर पाळत आहे असं त्याला वाटता कामा नये.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा दंडात पिक लाईन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) असेल, तर बँड दुसऱ्या हातात घाला. मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, एक बोट आत जाईल इतका सैल. प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असताना घट्ट पट्ट्यानेही काळंनिळं पडतं. मुंबईच्या पावसाळ्यात पट्ट्याखाली घाम साचतो, म्हणून रोज आंघोळीच्या वेळी काढून धुवा, पुसा आणि तेवढ्यात चार्जिंगही करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या केमोच्या आधी निदान आठवडाभर बँड घालू द्या. त्या सात दिवसांची सरासरी हा तुमच्या माणसाचा स्वतःचा मापदंड. आईची ३,१०० पावलं यायची. चाळीत नळ गॅलरीच्या टोकाला, भाजीसाठी तीन जिने खाली, त्यातच ती होत. १०,००० चा आकडा डोक्यातून काढून टाका. तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे, कॅन्सरच्या उपचारांशी त्याचा संबंध नाही.

केमोनंतरचे काही दिवस पावलं घसरतातच, त्याने घाबरू नका. मागच्या केमोनंतरच्या त्याच दिवसाशी तुलना करा. आकडा फसवतोही. कणीक मळताना, आरतीला टाळ्या वाजवताना पावलं वाढलेली दिसतात. सलाईनचा स्टँड किंवा वॉकर धरून चाललं तर हात हलत नाही आणि खरी पावलं गळतात. अशा दिवशी वहीत शेजारी एक शब्द लिहून ठेवा.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात ३७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची पावलं जास्त, त्यांना भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी, असं त्यात दिसलं. याचा अर्थ थकलेल्या माणसाला ओढून चालवायचं असा कृपा करून घेऊ नका. ज्याची तब्येत खालावते त्याचं चालणं आधीच कमी होतं, हेही तितकंच खरं.

ओपीडीला जाताना फोन पुढे करू नका, तेवढा वेळ तिथे नसतो. एका कागदावर दर आठवड्याची सरासरी पावलं, विश्रांतीचे ठोके आणि ताप, उलट्या, जुलाब यांच्या तारखा लिहा. तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.

पुढच्या तारखेची वाट कधी पाहायची नाही, हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर बँड काहीही दाखवो, लगेच फोन करा आणि निघा. ताप थर्मामीटरनेच मोजायचा. पावलं सलग तीन-चार दिवस नेहमीच्या निम्म्यावर आणि ठोके वाढलेले, असं दिसलं तरी कळवा. रक्त कमी होणं, अंगातलं पाणी कमी होणं किंवा जंतुसंसर्ग, यांपैकी काहीही असू शकतं.

तिसऱ्या केमोनंतर आईची पावलं १,२०० वर आली आणि ठोके ७४ वरून ९६ वर गेले. "बरी आहे," ती म्हणत होतीच. आम्ही तारखेआधी आठ दिवस फोन केला. हिमोग्लोबिन ६.८ निघालं आणि त्याच संध्याकाळी तिला रक्त चढवलं.