फळबाग लागवडीचं अनुदान: अर्जापासून तिसऱ्या हप्त्यापर्यंत

अनुदान हातचं जातं ते बहुतेकदा घाईमुळे. पाऊस पडतो, रोपवाटिकेत चांगली कलमं दिसतात, लागवड उरकली जाते आणि अर्जाची आठवण मागाहून होते. पूर्वसंमतीच्या, म्हणजे कृषी विभागाच्या लेखी होकाराच्या, आधी केलेलं काम अनुदानाला धरत नाहीत. त्यामुळे आधी अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खड्डे, हा क्रम मोडू नका.

योजना ठरवा

महाराष्ट्राने १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. आजही जॉबकार्ड असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकाने (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याने) पहिल्यांदा रोजगार हमीचीच वाट धरावी. तिथे दोन हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. त्यात न बसणाऱ्यांसाठी २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिच्यात कोकणात ०.१० ते १० हेक्टर आणि बाकी महाराष्ट्रात ०.२० ते ६ हेक्टर क्षेत्र चालतं. म्हणजे कोकणाबाहेर किमान वीस गुंठे हवेतच. आंबा, काजू, पेरू, डाळिंब, सीताफळ, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, चिंच, जांभूळ अशी सोळा बहुवार्षिक पिकं यात येतात. लाभ वैयक्तिक शेतकऱ्यालाच मिळतो, संस्थेला नाही.

सातबारा आधी नीट बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. उताऱ्यावर भाऊ, बहीण, काका अशी सामाईक नावं असतील तर प्रत्येकाचं संमतीपत्र लागतं. एखादा खातेदार मुंबईला असतो, एखाद्याच्या वारसाची नोंदच झालेली नसते आणि त्यात अख्खा हंगाम निघून जातो. कुळाचं नाव असेल तर त्याचीही संमती घ्या. सोबत आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा), आधारशी जोडलेलं बँक खातं आणि लागू असेल तिथे जातीचा दाखला तयार ठेवा. ही कामं उन्हाळ्यातच उरकलेली बरी, कारण लागवडीचा काळ साधारण मे ते नोव्हेंबर असतो.

अर्ज करा

फुंडकर योजनेचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक काढलेला हवा. पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी प्राधान्य दिलं जातं, म्हणून उशीर करू नका. निवड झाल्याचा संदेश म्हणजे पूर्वसंमती नव्हे. संदेश आल्यावर कागदपत्रं अपलोड करायची, ती तपासली जातात आणि मग पूर्वसंमतीचं पत्र मिळतं. त्यातली मुदत वाचून ठेवा.

खर्चाचा हिशेब मांडा

फुंडकर योजनेत खड्डे खोदणं, कलमं लावणं, पीक संरक्षण, नांग्या भरणं (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणं) आणि खतं यांसाठी ठरलेल्या मापदंडाने अनुदान आहे. जमीन तयार करणं, आंतरमशागत आणि कुंपण मात्र तुमच्या खिशातून. शिवाय पैसे काम झाल्यावर येतात, तेही तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे. पहिल्या हंगामाचा खर्च हाताशी नसेल तर क्षेत्र कमी धरा. अर्धा एकर नीट सांभाळलेली बाग दोन एकर सुकलेल्या बागेपेक्षा कितीतरी बरी.

कलमांची संख्या अंतरावरून काढा. आंबा १० बाय १० मीटरवर लावला तर हेक्टरी १०० कलमं बसतात, ५ बाय ५ वर ४००.

कलमं घेताना

कृषी विभागाची, कृषी विद्यापीठाची किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिका निवडा आणि पक्की पावती घ्या. कलम हातात घेऊन जोड पाहा, म्हणजे खालचा मुळांचा खुंट आणि वरची हव्या जातीची काडी जिथे सांधली ती जागा. तो पूर्ण सांधलेला असावा, हलक्या हाताने वाकवून पाहिला तर फट दिसता कामा नये. जोडाच्या खाली, खुंटावर फुटवा आला असेल आणि वरची काडी मलूल असेल तर ते कलम परत करा. लावताना जोड मातीच्या वर राहू द्या. खुंटाची फूट पुढेही काढत राहावी लागते, नाहीतर खुंट वाढतो आणि हवी ती जात मरून जाते.

तपासणी आणि पुढचे हप्ते

लागवड झाली की पावत्या पोर्टलवर टाका आणि मोका तपासणीसाठी (जागेवर येऊन पाहणीसाठी) गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) कळवा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याची सोय) फळबागेची नोंदही तेव्हाच करून घ्या. दुसरा आणि तिसरा हप्ता जिवंत झाडं मोजून मिळतो. जगलेल्या झाडांचं प्रमाण पहिल्या वर्षी ऐंशी आणि दुसऱ्या वर्षी नव्वद टक्क्यांच्या खाली गेलं की हप्ता अडतो. म्हणून मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या लगेच भरा, तपासणीच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नका. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याभोवती पाचटाचं आच्छादन आणि दक्षिण-पश्चिमेकडून सावली केलीत तर बरीच झाडं वाचतात.

बाग फळावर येण्याच्या बेतात असताना पॅकहाऊस (फळं निवडून भरण्याची जागा), शेततळ्याचं अस्तरीकरण किंवा शीतगृहासाठी केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाकडे पाहा. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाचं अनुदान बँक कर्जाशी जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे जाण्याआधी प्रकल्प अहवाल घेऊन बँकेशी बोलून घ्या.