एएस/४०० वर जॉब आधीच चालू आहे का, हे कसे तपासावे

महापे-ऐरोलीच्या सपोर्ट केंद्रांत रात्रपाळी करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो: व्याजआकारणीचा जॉब (सिस्टीमवर चालणारे काम) सोडायचा, म्हणजे सुरू करायचा आहे, पण तो आधीच कोणी सोडलेला तर नाही ना? १९८८ साली आलेली आयबीएमची एएस/४०० ही संगणक प्रणाली असो वा तिचा आजचा अवतार आयबीएम आय, पुढील पद्धत दोन्हींवर चालते.

नुसते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर वर्क-अ‍ॅक्ट-जॉब ही कमांड जॉबचे नाव देऊन चालवावी. स्टेटसच्या रकान्यात एमएसजीडब्ल्यू दिसल्यास जॉब मेलेला नसून तो उत्तराची वाट पाहत आहे, असे समजावे. रांगेत थांबलेला जॉब येथे दिसतच नाही. त्यासाठी वर्क-जॉब-क्यू या कमांडने जॉबची रांग पाहावी. एकाच नावाचे अनेक जॉब असू शकतात, म्हणून सहा अंकी क्रमांक, युजर आणि नाव असे तिन्ही भाग जुळवावेत.

खरी अडचण येते ती प्रोग्रामनेच तपासणी करावी, अशी अपेक्षा असते तेव्हा. वर्क-अ‍ॅक्ट-जॉबचा अहवाल स्पूलमध्ये (छपाईसाठी साठवलेल्या फाइलमध्ये) छापून त्यात नाव शोधण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो कृपया मानू नये. तपासणी जॉबच्या आतून केली, तर त्या अहवालात त्याला स्वतःचेच नाव सापडते. तपासून मग जॉब सोडायचा म्हटले, तर तपासणे आणि सोडणे यांमध्ये फट राहते आणि दोन ऑपरेटरांनी एकाच वेळी पाहिल्यास दोघांनाही रान मोकळे दिसते. डेटा एरियात (थोडी माहिती साठवणाऱ्या, नाव दिलेल्या जागेत) ‘चालू’ अशी खूण लिहिणेही तितकेच घातक आहे, कारण जॉब मध्येच कोसळला की ती खूण तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काहीच चालत नाही.

योग्य मार्ग कुलपाचा आहे. एक रिकामा डेटा एरिया कायमचा तयार ठेवावा आणि जॉबच्या सीएल (सिस्टीमच्या कमांडींच्या भाषेतील) प्रोग्रामची पहिलीच ओळ म्हणून अ‍ॅलॉक-ऑब्ज कमांडने त्यावर एक्सक्लुसिव्ह लॉक (एका वेळी एकाच जॉबला मिळणारे कुलूप) मागावा. लॉक न मिळाल्यास सीपीएफ१००२ हा संदेश येतो. तो मॉन-मेसेज कमांडने पकडून प्रोग्राम तेथेच थांबवावा. जॉब कसाही संपला, तरी लॉक आपोआप सुटतो.

यात वेट पॅरामीटर (लॉकसाठी किती सेकंद थांबायचे) शून्यच द्यावा, याबाबत मी तडजोड करत नाही. तो न दिल्यास जॉब आपल्या क्लासमधील (जॉब कसा चालावा हे ठरवणाऱ्या सेटिंगमधील) मुदतीइतका थांबतो. क्लास तयार करताना वेगळे काही सांगितले नसेल, तर ही मुदत ३० सेकंदांची असते. तेवढ्यात पहिला जॉब संपला, की दुसऱ्याला लॉक मिळतो आणि तो निमूटपणे तेच व्याज पुन्हा लावतो. चाचणीत हे सहसा उघडकीस येत नाही. डेटा एरिया क्यूटेम्प या तात्पुरत्या लायब्ररीतही (लायब्ररी म्हणजे फोल्डरसारखा साठा) ठेवू नये, कारण प्रत्येक जॉबचा क्यूटेम्प स्वतंत्र असल्याने तेथील कुलूप कोणालाच अडवत नाही. लायब्ररीचे नाव स्पष्ट लिहावे, नाहीतर लायब्ररी लिस्टच्या (नाव ज्या क्रमाने शोधले जाते त्या यादीच्या) कृपेने चाचणीच्या डेटा एरियाला कुलूप लागते. आणखी एक: हा लॉक दुसऱ्या जॉबला अडवतो, त्याच जॉबमधून प्रोग्राम पुन्हा कॉल केला तर नाही.

लॉक कोणाकडे आहे, हे वर्क-ऑब्ज-लॉक कमांडने कळते. तशी सूचना ऑपरेटरच्या संदेशातच लिहावी. जॉब पूर्ण झाल्यानंतर तो त्याच दिवशी पुन्हा सोडला जाऊ नये, अशीही गरज असेल, तर लॉक पुरेसा नाही. त्यासाठी यशस्वी समाप्तीची तारीख डेटा एरियात लिहावी आणि लॉक मिळाल्यानंतरच, त्याआधी नव्हे, ती वाचावी.