पीएफटी करताना या चुका टाळा

दम्याची किंवा सीओपीडीची (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची) शंका आली की डॉक्टर पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, लिहून देतात. पेशंट नळीत फुंकतो, कागदावर आकडे येतात आणि त्या आकड्यांच्या भरवशावर पुढे वर्षानुवर्षं औषधं चालतात. मी ही तपासणी रोज घेते. यंत्र क्वचितच चुकतं. चुकतं ते फुंकणं.

सगळ्यात महागात पडते ती घाईने थांबण्याची चूक. छाती काठोकाठ भरून घ्यायची, पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावायचा आणि ‘आता काही उरलं नाही’ असं वाटलं तरी फुंकत राहायचं. श्वासनळ्या अरुंद झालेल्या माणसाची हवा सावकाश निघते, कधी दहा-बारा सेकंदसुद्धा. समजा, पहिल्या सेकंदात १.९५ लिटर हवा आली आणि एकूण ३ लिटर येणार होती. गुणोत्तर झालं ०.६५. पंपाचं औषध देऊनही ते ०.७० च्या खाली राहिलं तर सीओपीडी धरतात. हाच माणूस २.६ लिटरवर थांबला तर गुणोत्तर ०.७५ दिसतं. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आणि धाप तशीच! म्हणूनच आम्ही कानाशी ‘अजून, अजून, अजून’ ओरडत असतो. त्याचा राग मानू नका.

उलट सुरुवातच हळू झाली, मेणबत्तीवर फुंकर घातल्यासारखी, तर पहिल्या सेकंदाचा आकडा पडतो आणि नसलेला आजार दिसू शकतो.

ओठ सैल राहिले, जीभ नळीच्या तोंडाशी आली, नाकाचा चिमटा घसरला, तरी आकडा बिघडतो. कवळी घट्ट बसत असेल तर ती काढू नका. काढल्यावर ओठ नीट मिटत नाहीत. किमान तीन फुंका चांगल्या झाल्या पाहिजेत आणि त्यांतल्या उत्तम दोन १५० मिलीलिटरच्या आत जुळल्या पाहिजेत. एकाच फुंकेवर रिपोर्ट हातात मिळाला तर तपासणी पुन्हा घ्यायला सांगा, संकोच करू नका.

तुमचा आकडा किती यायला हवा, ते उंचीवरूनही ठरतं. म्हणून उंची आठवणीतून सांगू नका, चप्पल काढून मोजून घ्या. पाठीत वाकलेल्या आजींची उंची दोन्ही हात फैलावून अंदाजतात. यंत्रात तुलनेसाठी युरोपीय लोकांची प्रमाणं भरलेली असतील तर आपल्याकडच्या धडधाकट माणसाचं फुफ्फुसही लहान दाखवलं जातं. कोणती प्रमाणं वापरली, ते रिपोर्टवर छापलेलं असतं. तेवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

पंप ओढून तपासणीला येणं ही रोजची गोष्ट आहे. पहिल्यांदा निदान करायचं असेल तर साधा सल्ब्युटामॉलचा पंप चार ते सहा तास आधी थांबवतात, दिवसातून दोनदा घ्यायचा लांब पल्ल्याचा पंप २४ तास. पण हे डॉक्टरांनी सांगितलं तरच करा, आणि धाप लागली तर पंप घ्याच. घेतला असेल तर लपवू नका, किती वाजता घेतला ते सांगा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं, पोटाचं, छातीचं ऑपरेशन झालं असेल तर तेही आधीच सांगा. या जोराच्या फुंकेने इजा होऊ शकते.

‘मी कधी विडी ओढली नाही, मला कशाला?’ असं म्हणणाऱ्या बायका येतात. चुलीपुढे किती वर्षं स्वयंपाक केला, ते मी आधी विचारते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटिश श्वसनरोगतज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात चुलीच्या धुराला मोठी जागा आहे.

फेनो तपासणीत श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात. इथे जोर लावला की यंत्र फुंक नाकारतं. सेकंदाला ५० मिलीलिटर या संथ, एकसारख्या वेगाने सुमारे १० सेकंद फुंकायचं असतं. पीएफटीच्या जोराच्या फुंकांनी फेनोचा आकडा तात्पुरता घटू शकतो, म्हणून फेनो आधी आणि पीएफटी नंतर. पालक-बीट खाऊन आलात तर आकडा वाढतो, सिगारेटने घटतो. मोठ्या माणसात ५० पीपीबीच्या (अब्जात इतके भाग) वर जास्त, २५ च्या खाली कमी. कमी आला म्हणजे दमा नाही, असं मात्र नव्हे. स्टेरॉइडचा पंप चालू असतानाही तो खाली येतो.

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं तीन गोळ्यांचं यंत्र तपासणीचं नाहीच. ते व्यायामाचं आहे, आणि त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते.

घरी मोजायचं असेल तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा सर्वाधिक वेग मोजणारं छोटं साधन, घ्या. काटा शून्यावर आणा, उभे राहा, बोटं फटीवर येऊ देऊ नका, तीनदा फुंका आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. आकडा अचानक खूप वाढला तर बहुधा थुंकल्यासारखी झटक्याची फुंक मारली गेली असते. तुलना शेजाऱ्याच्या आकड्याशी नको, बरं असतानाच्या तुमच्याच सर्वोत्तम आकड्याशी करा. त्याच्या निम्म्याच्याही खाली गेलात तर पुन्हापुन्हा फुंकत बसू नका. पंप घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.