पाठीवर सिलिंडर असताना तोल कसा सांभाळायचा

आम्हा अग्निशामकांचा श्वसनसंच, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठीचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा, पाठीवर चढला की शरीराचा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो. संच, हेल्मेट, बूट, जाड कोट मिळून वीस-बावीस किलो सहज होतात. मग आपण नकळत पुढे झुकतो, मान बाहेर काढतो आणि कंबर बोंबलायला लागते.

माझी पहिली चूक पट्ट्यांची. खांद्याचे पट्टे करकचून आवळायचो, कमरेचा लोंबत ठेवायचो. उलट करा. आधी खांद्याचे पट्टे ओढून संच पाठीला चिकटवा, मग कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बांधा आणि खांद्याचे किंचित सैल सोडा. वजन कमरेवर उतरलेलं लगेच जाणवतं.

गाडीतून उतरताना तोंड गाडीकडेच हवं, दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले. एकदा घाईत गाडीकडे पाठ करून उडी मारली आणि घोटा मुरगळला. तीन आठवडे रजेवर! मुखवटा घातल्यावर पायाखालचं नीट दिसत नाही, म्हणून पुढची पायरी आधी बुटाने चाचपायची, मगच भार टाकायचा.

सराव साधा आहे. दात घासताना एका पायावर ३० सेकंद उभे राहा, मग दुसऱ्या. जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून करा. इथे भलेभले डगमगतात. संच घालून करायचं ते सगळ्यात शेवटी, शेजारी सहकारी उभा असतानाच. नळीची गुंडाळी उचलताना वाकायचं ते खुब्यातून, म्हणजे मांडीच्या वरच्या सांध्यातून, गुंडाळी अंगाजवळ ठेवून. आणि वळायचं तर पावलं फिरवा, कंबर नाही.