सुलकाटा कासवाचं घर: या चुका टाळा

कासव खात नाही, डोळे मिटून बसतं, पाठीवर उंचवटे यायला लागलेत. सुलकाटा पाळणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात आणि विचारलं जातं औषध. औषधाआधी कासव ठेवलेल्या टबात हात घालून बघा. खाली काय अंथरलंय, ते किती ओलं आहे आणि पहाटे तिथे किती तापमान असतं, हे कळलं की बऱ्याच दुखण्यांचं मूळ तिथेच सापडतं.

त्याही आधी कायद्याचं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपल्याकडचं स्टार कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याच्या टबाबद्दल सल्ला मागूच नये. सुलकाटा आफ्रिकेतलं, पण साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विक्रेता कागद द्यायला कां-कूं करत असेल तर पिल्लू घेऊ नका.

वाळू

‘वाळवंटातलं जनावर आहे, वाळूच हवी’ ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. सुलकाटा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचं. पण तिथेही ते दिवसभर वाळूवर भाजत पडलेलं नसतं. ते खोल बीळ खणतं आणि उन्हाची वेळ आत काढतं. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट असते. आपण पिल्लाला वाळवंटाचा वरचा थर देतो आणि बीळ द्यायला विसरतो.

पुढे गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. पाला वाळूवर टाकला जातो आणि प्रत्येक घासाबरोबर थोडी वाळू पोटात जाते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर पिल्लू मुद्दाम वाळू चाटतं. टब कोरडा असल्याने शरीरातलं पाणी आधीच कमी, त्यामुळे आतड्यातली वाळू पुढे सरकत नाही. काही दिवसांनी शी बंद होते, भूक जाते, मागचे पाय ओढत चालायला लागतं. एक्स-रे काढला की आतड्यात भरलेली वाळू पांढरी दिसते. नशीब चांगलं असेल तर कोमट पाण्यात बसवून आणि सलाइन देऊन मोकळं होतं. नाहीतर पोटाकडचं कवच कापून शस्त्रक्रिया करावी लागते. एवढ्याशा पिल्लावर ही वेळ आणणं अक्षम्य आहे, कारण ती पूर्णपणे टाळता येते. मत्स्यालयाची खडी आणि रंगीत गोटे हीच गोष्ट आणखी लवकर घडवतात.

पिल्लांसाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, वापरा. चार फूट बाय दोन फुटांच्या टबात दहा सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण ७२ लिटर लागतं. कोकोपीटची दाबलेली पाच किलोची वीट पाण्यात फुगून जवळपास तेवढीच होते, पण हाताने दाबून बसवल्यावर थर खाली जातो, म्हणून दीड वीट धरा. नर्सरीतलं तयार ‘पॉटिंग मिक्स’ नको. त्यात खत, निंबोळी पेंड आणि पर्लाइटचे पांढरे दाणे असतात आणि कासव ते दाणे वेचून खातं. वीट भिजवा, पाणी काढून टाका, पुन्हा भिजवा. क्षार निघून जातात. मग घट्ट दाबा. भुसभुशीत सोडलं तर सुकल्यावर धूळ उडते आणि डोळे सुजतात. खाणं नेहमी शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवा, कारण कोकोपीटसुद्धा पोटात जायला नको. फरशीवर नखं आणि चोचही झिजते.

मोठ्या कासवाला लाल माती दोन भाग आणि कोकोपीट एक भाग चालतं, माती कीटकनाशक न मारलेल्या जागेची असेल तर. काळी माती नको: ओली झाली की पायांना गोळे चिकटतात, सुकली की दगड होते. सुतारकामाचा भुस्सा नको. वर्तमानपत्र आणि गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात. गवताचा पेंढा पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरतो.

ओलं आणि गार

दुसरी मोठी चूक पावसाळ्यात होते. ऑगस्टमध्ये पुण्यात रात्री २१-२२ अंश असतात, हवा दमट, ऊन नाही. टबातला थर ओला आणि गार होतो. नाकात बुडबुडे, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणं, पोटाकडच्या कवचावर लालसर मऊ डाग आणि वास, ही त्याची लक्षणं. यातलं एकही दिसलं तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या.

घाबरलेला माणूस मग टब कोरडा करतो, आणि तिथेच फसतो. ओलावा हा दोषी नव्हताच, गारठा होता. कोरड्यात वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा उचलला जातो आणि एकदा आलेला उंचवटा परत बसत नाही. सुलकाटाच्या पिल्लांवर ऑस्ट्रियात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा परिणाम कितीतरी जास्त दिसला. तरीही लोक अजून फक्त आहारालाच दोष देतात.

म्हणून पिल्लाला आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि तापमान रात्रीसुद्धा २६-२७ अंशांखाली जाऊ देऊ नका. त्यासाठी टबावर झाकण हवं; उघड्या टबात, त्यातही एसीच्या खोलीत, ओल टिकत नाही. उष्णतेसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, सिरॅमिकच्याच होल्डरमध्ये, साखळीने टांगलेला आणि ठरलेलं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेला. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कासवाच्या पाठीच्या उंचीवर हवा, झाकणाला चिकटवलेला नको. पाणी वरून फवारू नका, कोपऱ्यांत ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा जेमतेम दमट राहतो. मूठभर कोकोपीट दाबून बघा: गोळा झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात हीटरसाठी इन्व्हर्टरची सोय आधी करा.

पोटाखाली गरम होणारे पॅड आणि गरम दगड घेऊच नका. कासवाला ऊन वरून मिळतं हेच माहीत असतं. खालून पोट भाजलं तरी ते हलत नाही.

बाकीच्या चुका

टब खिडकीत ठेवून ‘ऊन मिळतं’ म्हणणं चूक आहे: काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते, आणि थेट उन्हातल्या काचेच्या टाकीत पिल्लू काही मिनिटांत मरू शकतं. टी५ प्रकारची (बारीक) यूव्हीबी ट्यूबलाइट लावा आणि पेटत असली तरी वर्षाने बदला. ऊन शेकायच्या जागी ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २७-२८. लपायला अर्धी कापलेली कुंडी आडवी ठेवा. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची उथळ बशी पुरते, त्याशिवाय पिल्लाला रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा. फिनेलने टब पुसू नका. जोडी ठेवू नका, दुबळं पिल्लू दबून राहतं आणि वाढ खुंटते.

बाल्कनीत उघडं सोडू नका. कावळे आणि घारी पिल्लू उचलतात, घुशी पाय कुरतडतात.

आणि पिल्लू घेण्याआधी जागा मोजा. तळहातावर मावणारं हे पिल्लू पुढे दीड-दोन फुटांचं होतं, नर चाळीस किलोंच्या पुढे जाऊ शकतो. त्याला अंगण लागतं, फ्लॅट नाही. कुंपण जाळीचं नको, त्यात पाय अडकतात आणि पलीकडचं दिसत राहिल्याने ते दिवसभर ढकलत बसतं. दोन फूट उंच भरीव भिंत घाला, पाया किमान दीड फूट खोल न्या, कोपरे गोल ठेवा, कारण चढायचा प्रयत्न कोपऱ्यातच होतो. आत हरळी, निवडुंग आणि जास्वंद लावा. कण्हेर आणि घाणेरी उपटून टाका. रात्रीसाठी छप्पर असलेली बंदिस्त पेटी हवी, आत तोच सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट, आणि दार कासवाच्या रुंदीच्या दीडपट.