स्तनातली गाठ दाखवायला पुण्याला येताना: तपासण्यांचा क्रम आणि उपचारांची निवड

गावातल्या डॉक्टरांनी "पुण्याला दाखवून घ्या" असं सांगितलं की घरात पहिला प्रश्न निघतो, कुठल्या दवाखान्यात? त्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा. बायोप्सी (गाठीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासणं) झाल्याशिवाय गाठ कापून काढू द्यायची नाही. "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू, मग तपासायला पाठवू" असं कुणी म्हणालं तर थांबा. अशा ऑपरेशनमध्ये गाठीच्या कडा मोकळ्या राहिल्या, म्हणजे कडेला कॅन्सर उरला नाही ना, ते कळत नाही, चीर भलत्या जागी पडते आणि पुष्कळदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आधी केमो देऊन गाठ किती विरघळते हे पाहण्याची संधीही जाते.

निघण्याआधी

एकच फाईल करा: जुने रिपोर्ट, मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, चालू गोळ्यांची यादी, आधार, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर कोणत्या वयात, तेही लिहून ठेवा. जनुकीय तपासणी करायची की नाही, हे त्यावरही ठरतं.

गावाकडे बायोप्सी आधीच झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबकडे लेखी अर्ज करून स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का ते तिथेच पाहा. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण मऊ पडतं.

सोमवारी किंवा मंगळवारी पोचा, म्हणजे तपासण्या रविवारात अडकत नाहीत. सातारा-कोल्हापूरकडच्या एसटी स्वारगेटला येतात, तिथून मेट्रो मिळते. शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला गेला आहे, तिथे उतरलात तर सरळ रिक्षा करा. ससून रुग्णालय पुणे रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहेच. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, म्हणून निदान झालं की तो लगेच मागा.

पहिली फेरी: दोन दिवस

डॉक्टरांनी हाताने तपासणं, मॅमोग्राफी-सोनोग्राफी आणि बायोप्सी, असा तिहेरी क्रम असतो. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत, छातीवर पावडर किंवा डिओ लावू नका, फिल्मवर ते कॅल्शियमच्या कणांसारखं दिसतं. साडी किंवा सलवार-कुर्ता बरा, म्हणजे फक्त वरचे कपडे काढावे लागतात. वय चाळिशीच्या आत असेल तर बहुधा सोनोग्राफी आधी होते.

बायोप्सी कोअर सुईची मागा. बारीक सुईच्या तपासणीत सुट्या पेशी मिळतात, उपचार ठरवायला लागणारी सगळी माहिती त्यातून निघत नाही. कोअर बायोप्सीत जागा बधिर करून साधारण 14 नंबरच्या सुईने तीन-चार तुकडे घेतात. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा खट्ट आवाज येतो, दचकू नका. नंतर दहा-पंधरा मिनिटं जागा दाबून धरायची आणि दोन दिवस त्या हाताने बादली, पिशवी उचलायची नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. त्या भीतीपायी गेलेले महिने खरं नुकसान करतात.

तुकडे लगेच फॉर्मेलिनमध्ये जायला हवेत आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवेत. नमुना शनिवारी संध्याकाळी घेतला आणि लॅबला पोचायला तीन-चार दिवस लागले, तर ईआर-पीआरचा (गाठ स्त्री-हार्मोन्सवर वाढते का ते सांगणारा) रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. हाही आठवड्याच्या सुरुवातीला येण्याचा फायदा.

मग घरी जा. सगळे रिपोर्ट यायला साधारण आठवडा-दहा दिवस धरा.

दुसरी फेरी: निर्णय

रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) ही तिन्ही उत्तरं असायलाच हवीत. हर-टू "2 प्लस" असेल तर ते अर्धवट उत्तर आहे. फिश तपासणी (हर-टूची जनुकाच्या पातळीवरची तपासणी) होईपर्यंत केमोची औषधं ठरवून टाकू नका. पेट-स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे पसरला ते पाहणारा स्कॅन) सरसकट सगळ्यांना लागत नाही. गाठ लहान, काख मोकळी आणि दुसरी काही लक्षणं नसतील तर "हा कशासाठी?" असं विचारायला संकोचू नका.

स्तन वाचवायचा की पूर्ण काढायचा, यावर घरात सगळ्यात जास्त चर्चा होते. 2002 साली दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले: योग्य पेशंटमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. तरीही लांबून येणाऱ्या बायका "रोज लाईट (म्हणजे रेडिएशन) घ्यायला कसं येणार" म्हणून स्तन काढायला तयार होतात. आधी विचारा, लाईट किती? पूर्वी 25 दिवसांचा कोर्स असे, आता पुष्कळांना 15 दिवसांत, म्हणजे तीन आठवड्यांत भागतं. काही निवडक पेशंटना पाचच लाईट देतात. आणि काखेत गाठी निघाल्या तर पूर्ण स्तन काढूनही लाईट घ्यावे लागू शकतात, मग ती पायपीट वाचत नाहीच.

ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह गाठ दोन सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा काखेत पसरली असेल, तर बहुधा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर होतं. अशा वेळी केमोपूर्वी गाठीत क्लिप (धातूची बारीक खूण) बसवायला सांगा. गाठ पूर्ण विरघळली तर जागा शोधायला तीच खूण. पुढे मूल हवं असेल तर तेही पहिल्या केमोच्या आधीच बोला, नंतर बोलून उपयोग होत नाही.

दुसरं मत घ्यायचं तर परळच्या टाटा रुग्णालयात किंवा पुण्यातच दुसरीकडे ब्लॉक घेऊन जा. त्यात दोन आठवडे गेले तर बिघडत नाही, दोन महिने जाऊ देऊ नका. प्रत्येक डॉक्टरांकडून उपचारांचा क्रम, केमो किती वेळा, लाईट किती आणि अंदाजे खर्च लिहून घ्या.

खर्चासाठी ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात सरकारी योजनेची मदत करणारा माणूस) भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.

पुण्यात काय, घराजवळ काय

ऑपरेशन पुण्यात करणार असाल तर ड्रेनची नळी (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी) निघेपर्यंत, साधारण दहा दिवस, जवळच राहा. नळीतलं पाणी दिवसाला 30 मिलीच्या आसपास उतरलं की ती काढतात. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. केमो मात्र पुण्यातला कागद दाखवून घराजवळच्या कॅन्सर रुग्णालयात घेता येते का ते विचारा. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयासारखी सोय जवळ असेल तर दर तीन आठवड्यांचा प्रवास टळतो.

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. थर्मामीटर घरात ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, आणि पेशंटला तसंच पुण्याच्या गाडीतही बसवू नका. रात्री सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे पहिल्या केमोआधीच चौकशी करून ठेवा आणि केमोचा कागद त्यांना दाखवून या.