येऊरहून दगड घरी आणताय? या चुका टाळा

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाऊन आलं की मुलांच्या खिशातून एखादा दगड निघतोच. माझ्या भाच्याने आणलेल्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी होती. "मामा, जीवाश्म!" भिंगाखाली धरला. नक्षी एका चिरेपासून निघून वेडीवाकडी फुटत गेली होती, मधली शीर कुठेच नव्हती. चिरेत झिरपलेल्या पाण्याने मागे ठेवलेलं ते मँगनीजचं ऑक्साइड. अशी गल्लत फार होते. आपले डोंगर सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. जीवाश्म सापडतात ते बहुधा दोन लाव्हाथरांमध्ये साचलेल्या गाळात. मुंबईत वरळीच्या टेकडीत सापडलेले बेडकांचे जीवाश्म अशाच थरातले. इंग्रज जीवाश्म-अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

पण खरी महागात पडणारी चूक वेगळी: "सरकारी जागा, म्हणजे सगळ्यांचीच." येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातली वनोपजाची व्याख्या एकदा वाचाच. लाकूड आणि मधाबरोबर जंगलातला दगड, माती, खनिजंही त्यात आहेत. राष्ट्रीय उद्यानातून वनोपज हलवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३५ वं कलम मनाई करतं. परवाना द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. फाटकावर पावती फाडली म्हणजे आत जाता येतं, दगड उचलता येत नाही. भाच्याचा दगड आम्ही पुढच्या रविवारी ओढ्याकाठी परत ठेवून आलो. तो हिरमुसला होता, पण कारण सांगितल्यावर त्याला पटलं.

नवी मुंबईकडच्या दगडखाणींत झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांचा मोह होतो. मुकादम "न्या की" म्हणाला तरी तो मालक नव्हे. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानुसार खनिजांवर हक्क शासनाचा असतो. खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे त्याला विचारा, लेखी घ्या. आणि सुरुंगाच्या वेळेला तिथे फिरकू नका.

जीवाश्मांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २०२२ मध्ये भूवारसा (म्हणजे भूशास्त्रीय महत्त्वाच्या जागा आणि अवशेष) जपण्यासाठीच्या विधेयकाचा मसुदा तेवढा आला होता. पण कायदा नाही म्हणून कुणी छिन्नी काढू नये, ही माझी कळकळीची विनंती. थरातून निघालेला तुकडा नेमका कुठल्या पातळीवरचा, हे नंतर सांगता येत नाही, आणि अभ्यासकाला तेच हवं असतं. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक पूर्ण कड्याचा. मोबाइलवर ठिकाण नोंदवा. मग वनरक्षकाला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा एखाद्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा.